हॅलोवीनची कँडी लपवू नको, तिची वेळ ठरवून दे

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी साडेतीन. हॅलोवीनला मुलगा उशीचा अभ्रा भरून कँडी आणतो. मागच्या वर्षी मी ती सगळी क्लोजेटमधे वरच्या फळीवर टाकली आणि रविवारी एक, असं देत होते. डिसेंबरमधे गाद्या उलटताना त्याच्या गादीखाली मूठभर रॅपर सापडले. मी खूप चिडले, तो खूप रडला. इकडे नवरा रात्री टीव्हीसमोर बसून तीच कँडी खातो आणि त्याचं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.९ आलंय. यंदा सासूबाई इथे आहेत, त्या नातवंडांना गुपचूप देणार हे नक्की. वर हॅलोवीन संपला की आठवड्यात दिवाळी. यंदा मुलांना पाठवूच नये असं वाटतंय. काय करू? ता. क. दारावर येणाऱ्या मुलांना कँडीऐवजी घरच्या चकल्या दिल्या तर चालतील का?"

अगं, पाठव मुलांना. तिथे वाढणाऱ्या ८ वर्षांच्या मुलासाठी ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे वर्षातला मोठा सण आहे, सोंगं घेऊन घरोघरी कँडी मागत फिरायचं असतं, कॉश्च्युमची तयारी महिनाभर चाललेली असते, कोण कोणाबरोबर कुठल्या गल्लीत फिरणार हे ठरलेलं असतं, आणि पुढचा आठवडाभर शाळेच्या बसमधे दुसरा विषय नसतो. कँडीच्या धाकाने त्याला घरात बसवलंस तर त्याला साखर वाईट हे कळणार नाही, आई आपला आनंद हिरावून घेते एवढंच कळेल. पाठव, आणि खुशाल पाठव.

आता ते गादीखालचे रॅपर. तुझ्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटला, कँडीपेक्षाही. तुझा मुलगा चोर नाहीये गं. त्याने थंडीत दारोदार फिरून गोळा केलेली वस्तू त्याच्या हातातून काढून उंच फळीवर गेली, परत कधी मिळेल ते आईच्या मूडवर, आठवड्याला एकच मिळणार, मग जेव्हा हाताला लागेल तेव्हा पटकन घ्यायचं आणि कोणी बघायच्या आत संपवायचं, हे कुठलंही मूल करेल. यावर रीतसर अभ्यास झालाय. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत जेनिफर फिशर आणि लिअन बर्च यांनी १९९९ मधे लहान मुलांवर केलेला प्रयोग आहे, एक खाऊ पारदर्शक बरणीत मुलांसमोर ठेवला आणि तो थोडाच वेळ घेऊ दिला, तर मुलं त्याच खाऊबद्दल बोलायला लागली, तोच मागायला लागली आणि बरणी उघडल्यावर जास्त घ्यायला लागली. बंदी घातली की खाऊची किंमत वाढते. तुझ्या घरात नेमकं तेच झालंय, आणि त्यात सगळ्यात वाईट काय तर मुलगा लपून खायला शिकला. लपून खाणारं मूल चव घेत नाही, पोट भरलंय का बघत नाही, दात घासत नाही, कारण घासायला गेला तर पकडला जाईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कँडी लपवायची नाही, तिची वेळ आणि जागा ठरवायची, आणि तो हिशोब घरातल्या सगळ्यांसमोर उघडा ठेवायचा. सगळ्यांसमोर म्हणजे नवऱ्यासमोर आणि सासूबाईंसमोरही.

आधी साखरेचं गणित सांगते म्हणजे भीती जरा कमी होईल. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं सांगणं आहे की २ ते १८ वर्षांच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी वरून घातलेली साखर असावी, म्हणजे साधारण ६ छोटे चमचे. ते फन साईज चॉकलेट असतात ना, दोन घासांत संपणारे, त्यात ब्रँडप्रमाणे एकेका नगात साधारण ७ ते १० ग्रॅम साखर असते. म्हणजे रोज एक, जेवणानंतर, हे बाकीचा दिवस नीट असेल तर अजिबात भयंकर नाहीये. भयंकर केव्हा, तर सकाळी गोड सिरीयल, डब्यात ज्यूसचं पाऊच, चार वाजता फ्लेवर्ड योगर्ट, आणि त्यावर कँडी. हॅलोवीनच्या दोन आठवड्यांत तू कँडीशी भांडण्याऐवजी ज्यूस बंद कर आणि सिरीयल साधं आण, तिथेच निम्मी लढाई संपते. पाकिटावर मागे ॲडेड शुगर्स म्हणून वेगळी ओळ छापलेली असते, ती बघायची सवय मुलालाही लाव, ८ वर्षांच्या मुलांना असले आकडे शोधायला आवडतात.

दातांचं गणित मात्र वेगळं आहे आणि ते बऱ्याच आईवडिलांना माहीत नसतं. दातांना किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त नडतं. गोड तोंडात गेलं की दातांवरचे जंतू त्याचं ॲसिड करतात आणि पुढची वीस-तीस मिनिटं दाताचं वरचं आवरण त्या ॲसिडमधे असतं, मग हळूहळू लाळ ते धुऊन काढते. आता समज दुपारी तीनपासून सातपर्यंत मुलाने दर तासाला एक गोळी तोंडात टाकली, तर लाळेला सावरायला वेळच मिळाला नाही. त्याच पाच गोळ्या त्याने रात्रीच्या जेवणाला लागून एकदम खाल्ल्या तर दातांच्या दृष्टीने ते कितीतरी बरं, शिवाय जेवताना लाळ जास्त सुटलेली असते तिचा फायदा मिळतो. म्हणून दिवसभर एकेक करत चघळणं हे सगळ्यात वाईट, जरी ते "थोडं थोडं" वाटत असलं तरी. आणि कँडी कँडीत फरक आहे, साधं चॉकलेट लवकर विरघळून जातं, कॅरमेल, टॅफी, गमी हे दाढेच्या खाचेत चिकटून बसतात, लॉलीपॉप वीस मिनिटं तोंडात फिरत राहतो, आणि आंबट गोळ्यांवर तर सायट्रिक ॲसिडच लावलेलं असतं. आंबट खाल्लं की लगेच ब्रश करायला पळवू नकोस, आवरण मऊ झालेलं असतं, आधी पाण्याने खळखळून चूळ आणि अर्ध्या-पाऊण तासाने ब्रश.

अजून एक, साखर खाल्ली की मुलं पिसाटतात असं आपल्याकडेही म्हणतात आणि अमेरिकेत तर शुगर हाय म्हणून फारच म्हणतात. १९९५ मधे जामा या वैद्यकीय मासिकात तोवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा छापून आला होता, साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडतो असं त्यात दिसलं नाही. मुलं त्या रात्री उड्या मारतात कारण कॉश्च्युम, अंधार, मित्र, उशिरापर्यंत बाहेर, सगळं एकदम. त्यामुळे "बघ, कँडी खाल्लीस म्हणून असा करतोयस" हे वाक्य त्या रात्री तोंडातून काढू नकोस.

आता प्रत्यक्ष ३१ तारखेला काय करायचं. बाहेर पडायच्या आधी, साडेपाचच्या सुमारास, पोटभर जेवण. आणि त्या दिवशी नवीन काही करून बघू नकोस, जे मुलं हमखास खातात तेच, मुगाची खिचडी आणि तूप, थालीपीठ-दही, पराठा, जे काय चालत असेल ते. भरल्या पोटी फिरणारं मूल रस्त्यात पिशवीत हात घालत नाही असं नाही, पण कमी घालतं. उशीचा अभ्रा यंदा नको, ती प्लास्टिकच्या भोपळ्याची बादली मिळते ती दे, ती भरली की घरी यायचं हे निघण्याआधीच ठरवायचं, रस्त्यात नाही. अर्ध्या वाटेवर नियम बदलला की रडारड ठरलेली.

घरी आल्यावरचा तास मला फार आवडतो आणि तो तू बिलकुल आवरता घेऊ नकोस. सतरंजीवर बादली पालथी करायची, मग मुलगा आपोआप ढीग लावायला लागतो, चॉकलेटवाले इकडे, आंबट तिकडे, ज्यांची नावंही माहीत नाहीत ते कोपऱ्यात, नंतर मोजणं, मग धाकटीशी सौदे, "तू मला दोन किटकॅट दे मी तुला हे तीन गुलाबी देतो", त्या सौद्यात धाकटी नेहमी फसते आणि तरी खूश असते. खाण्यापेक्षा हा खेळ मोठा असतो. आणि तुझी तपासणीही याच वेळी सहज होऊन जाते, तू शेजारी मांडी घालून बस, फाटलेलं, उघडलेलं, विना-पाकिटाचं जे असेल ते बाजूला काढ. धाकटी साडेतीनची आहे ना, तर कडक गोळ्या, च्युइंगगम, अख्खे दाणे असलेलं काहीही तिच्या ढिगात ठेवू नकोस, चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात या गोष्टी अडकतात, यात "आपण बघतोय ना" ही सबब चालत नाही. तिला मऊ चॉकलेट बदलून दे. घरात कोणाला नट्सची ॲलर्जी असेल तर प्रत्येक पाकीट वाच, छोट्या पाकिटातला माल मोठ्या बारसारखाच असतो असं धरून चालू नकोस, कधीकधी तो वेगळा असतो, आणि ज्यावर काहीच छापलेलं नाही ते सरळ बाहेर.

विष घातलेल्या कँडीची भीती तुला कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेलच. डेलावेअर युनिव्हर्सिटीचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट कित्येक वर्षं अशा बातम्यांच्या मागे लागून त्या तपासतायत, अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोवीन कँडीमुळे मूल दगावल्याची एकही पक्की घटना त्यांना सापडली नाही. १९७४ ची टेक्सासमधली जी घटना नेहमी सांगतात त्यात मारणारा मुलाचा स्वतःचा बाप होता. तर पाकीट बघायचं ते बघायचंच, पण घाबरून नाही. त्या रात्री खरी काळजी घ्यायची ती गाड्यांची, काळ्या कॉश्च्युमवर चमकणारी पट्टी लाव आणि हातात टॉर्च दे.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मुलाला मोकळं सोड. हो, मोकळं. त्याला हवी तेवढी खाऊ दे. ही माझ्या डोक्यातून आलेली गोष्ट नाही, एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत, त्या हेच सांगतात, की पहिले दोन दिवस मुलाच्या हातात सोडा आणि मग कँडी जेवणाच्या आणि मधल्या खाण्याच्या वेळांत बसवा. त्यांचं मूळ सूत्र असं की काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. तुला आता वाचून धसका बसला असेल, पण पहिल्या दिवशी पोट दुखेपर्यंत खाल्लं तरी ते त्याचं त्याला कळेल आणि ते कळणं तुझ्या दहा लेक्चरपेक्षा उपयोगी आहे. धाकटीला मात्र मोजकंच दे.

तिसऱ्या दिवसापासून डबा. झाकणाचा, साधा, किचनच्या ओट्यावर किंवा कपाटात, पण सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. रोज एक, किंवा दोन ठरवलेत तर दोन, रात्रीच्या जेवणाला लागून, आणि कुठली ते मुलगा निवडणार. टेबलाशी बसून खायची, बेडरूममधे नाही, कारमधे नाही. मग ब्रश. पहिले चार-पाच दिवस तो डब्याभोवती घोटाळेल, "आज दोन?" विचारेल, तू शांतपणे "उद्या परत आहेच की" म्हणायचं. उद्या नक्की मिळणार यावर त्याचा विश्वास बसला ना, की लपवायचं कारणच उरत नाही. बऱ्याच घरांत दोन-तीन आठवड्यांत डबा विसरला जातो, तळाशी नावडत्या गोळ्या पडून राहतात.

आणि एक करू नकोस, "भाजी संपवलीस तर कँडी". हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, पण त्यातून मुलाला एवढंच समजतं की भाजी ही शिक्षा आणि कँडी हे बक्षीस. भाजी ताटात असेल, कँडी शेवटी असेल, दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तसंच "घाण आहे ते", "जाडा होशील" हे पण नको. त्याच्यासमोर डबा हातात धरून तू स्वतः "बाई गं, मला पाप लागेल" म्हणालीस तरी तो तेच शिकतो.

सासूबाईंचं काय करायचं हे विचारलंयस. अगं, त्यांना बाहेर ठेवलंस तर त्या चोरून देणारच, आजी आहेत त्या. त्यापेक्षा डब्याचा कारभार त्यांच्याकडे दे. रात्री जेवणं झाली की डबा आजी काढणार, आजी समोर धरणार, नातू निवडणार. नातवंडाला गोड देण्याचं सुख त्यांना मिळालं पाहिजे गं, त्यासाठी त्या एवढ्या लांब आल्यात, आणि उघडपणे द्यायला मिळालं तर गुपचूप द्यायची गरज त्यांनाही राहत नाही. त्या म्हणतील, आम्ही नाही का लिमलेटच्या आणि रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या, काय झालं आम्हाला. तर वाद नको घालूस, नुसतं सांग की आई, तेव्हा एक गोळी मिळायची आणि ती दिवसभर पुरायची, इथे एका संध्याकाळी बादलीभर येते. त्यांना पटेल. शिवाय त्या शाकाहारी असतील तर आधीच सांगून ठेव की गमी बेअर, मार्शमेलो, कँडी कॉर्न, स्टारबर्स्ट यांत जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं, नाहीतर नातवाने प्रेमाने आजीच्या तोंडात घातलं आणि नंतर कळलं तर त्यांना फार वाईट वाटेल.

नवऱ्याबद्दल जरा स्पष्ट बोलते. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसच्या अलीकडची पायरी, म्हणजे त्याचं ५.९ दुर्लक्ष करण्यासारखं नाही, आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत टाईप २ डायबेटिस कमी वयात आणि फारसं वजन नसतानाही होतो. अख्ख्या घरात कँडीची सगळ्यात जास्त काळजी कोणाची करायची असेल तर ती ८ वर्षांच्या मुलाची नाही, त्याची. आणि तो जेव्हा रात्री दहाला अंधारात मुलाच्या पिशवीतून खातो तेव्हा मुलाला कळत नसेल असं समजू नकोस, मुलांना सगळं कळतं. त्यालाही तोच नियम, जेवणानंतर टेबलाशी एक, सगळ्यांबरोबर. टीव्हीसमोर काहीतरी लागतंच असेल तर भाजलेले शेंगदाणे-चणे असू देत. आणि वाटायच्या कँडीची ती मोठी पिशवी तू सप्टेंबरमधेच आणत असशील, सेल असतो म्हणून. यंदा ३० तारखेला आण, आणि घरात कोणालाच आवडत नाही अशी आण. १ नोव्हेंबरला सगळं निम्म्या किमतीत मिळतं, तिकडे फिरकूच नकोस.

दिवाळीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण ते बोलायला अवघड आहे. २०२४ ला नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते, आणि बहुतेक वर्षी दोन्ही सण पुढेमागेच असतात. आता मध्यम आकाराच्या बेसनाच्या लाडवात बहुतेक वेळा फन साईज चॉकलेटपेक्षा जास्तच साखर असते. लाडवात डाळीचं पीठ आहे, घरचं तूप आहे, ते कँडीपेक्षा बरं हे मला मान्य आहे, पण साखर ती साखर. आणि मुलाने दुसरं चॉकलेट मागितलं की "नो मोअर शुगर" आणि पाहुण्यांसमोर "अरे घे ना अजून एक करंजी, आजीने केलीय" असं आपण म्हणालो, तर त्याच्या लक्षात काय येणार? की आईचं साखरेशी भांडण नाही, माझ्या सणाशी आहे. हे त्याच्या मनात बसू देऊ नकोस, फार जड जातं पुढे. म्हणून फराळ बाहेर आला की गोडाचा डबा एकच. त्या दिवशी लाडू की चॉकलेट, तो निवडेल. कधी लाडू निवडेल, कधी नाही, दोन्ही ठीक. आणि तू फराळ कमी कर, पाच पदार्थांऐवजी तीन, दोन किलोऐवजी एक.

उरलेल्या कँडीला वाटा आहेत. बरेच डेंटिस्ट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कँडी परत घेतात, पुष्कळ ठिकाणी पाऊंडाला एक डॉलर देतात आणि ती कँडी सैनिकांना पाठवली जाते, मुलाला आधी विचार, तो राजी असेल तर त्याच्या हातानेच देऊ दे. साधी चॉकलेटं फ्रीजरमधे टिकतात, ख्रिसमसच्या कुकीजला वापरता येतात. ती स्विच विच म्हणतात, रात्री चेटकीण येऊन कँडी नेते आणि खेळणं ठेवते, ती मला पटत नाही, परत तेच, कँडी रात्रीतून गायब. त्याऐवजी सरळ सौदा कर, एवढी कँडी दिलीस तर तो लेगोचा छोटा सेट, हवं तर घे, नको तर राहू दे.

चकल्यांचं राहिलं. दारावर वाटू नकोस. कष्टाने केलेल्या चकल्या असतात आणि तिथल्या पालकांना शाळेतून, सगळीकडून सांगितलेलं असतं की सीलबंद पाकीट नसेल तर टाकून द्या, त्या सरळ कचऱ्यात जातील. काही वेगळं द्यायचं असेल तर पेन्सिली, स्टिकर, अंधारात चमकणाऱ्या कांड्या ठेव, आणि दारात निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा ठेव, २०१४ पासून फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने देशभर ही खूण सुरू केलीय, या घरी न खाण्याच्या वस्तूही मिळतात असा त्याचा अर्थ, ॲलर्जी असलेल्या मुलांचे आईवडील तो भोपळा शोधत फिरतात. भोपळा रंगवायला मुलाला बसव. चकल्या मात्र कर, आणि दिवाळीला डबा भरून शेजारी नेऊन दे, ज्यांच्याशी तुझी ओळख आहे त्यांच्याकडे, आत काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून, तीळ आणि लोणी दोन्ही आठवणीने लिही.